मुलाचा देह मागायला

गाडी मी चालवणार, असं मी मोरेश्वररावांना निक्षून सांगितलं. तरुण मुलगा गेलेला, पोटात धड अन्न नाही, आणि हा माणूस पार्सिपनीहून वेस्ट विंडसरपर्यंत, सुनेकडे, एकट्याने जायला निघाला होता, तेही बायकोला, शैलजाला, न सांगता. "चावी इकडे द्या आणि गुमान शेजारी बसा," म्हटलं. त्यांनी दिली. आमचा शेजार वर्षानुवर्षं असाच चालत आलाय. मी ओरडायचं आणि त्यांनी ऐकून घ्यायचं.

अनीश गेला त्या शनिवारी गाडी त्याची बायको रेणू चालवत होती. पाऊस होता, डावीकडे वळताना समोरून ट्रक आला. तिला चार टाके पडले आणि तो हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आत संपला. रेणूनेच सासरी फोन केला आणि काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "आई, गाडी मी चालवत होते." त्यावर शैलजा म्हणाली, "मग तूच मारलंस माझ्या मुलाला. आता तोंड दाखवू नकोस." एवढं बोलून थांबली असती तर ती शैलजा कसली! पुण्याला रेणूच्या आईवडिलांना फोन लावून तेच परत ऐकवलं. त्या बिचाऱ्यांना व्हिसा नाही, लेकीजवळ यायची सोय नाही, ते तिकडे रडत बसलेले.

मग रेणूनेही दार लावून घेतलं. इथल्या कायद्याने नवरा गेला की त्याच्या देहाचं काय करायचं ते बायको ठरवते, आईबापांना त्यात काही बोलता येत नाही. फ्यूनरल होमच्या माणसाने मोरेश्वररावांना फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, मिसेसच्या परवानगीशिवाय पाहता येणार नाही. दहन कधी, तेही सांगता येणार नाही. बापाला मुलाचं तोंड पाहायला परवानगी! मला शैलजाचा राग आला होता आणि रेणूचाही, आणि दोघींच्या जागी मी असते तर याहून शहाणपणाने वागले असते असंही वाटत नव्हतं.

एडिसन मागे पडल्यावर मोरेश्वरराव एकदम म्हणाले, "सुनेत्राताई, तो शाळेत नक्की काय शिकवायचा हो?"

माझा पाय ब्रेकवर गेला. सगळी हयात कंप्युटरमध्ये काढलेला बाप. पोराने कंप्युटर सोडून हायस्कूलमध्ये जुनं ग्रीक साहित्य शिकवायला घेतलं, याची त्यांना लाज वाटायची. लग्नकार्यात कुणी विचारलं तर "एज्युकेशन लाइनमध्ये आहे" म्हणून विषय बदलायचे. मी नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून अनीश माझ्या किचनमध्ये येऊन तासन् तास वाद घालायचा. त्याच्या बापाने मात्र हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला, तोही मला.

"युद्धाचं काव्य आहे," मी म्हटलं. "फार जुनं. सुरुवातच एका माणसाच्या रागापासून होते. पुढे त्याच्या जिवलग मित्राला शत्रूचा राजपुत्र मारतो. मग हा त्या राजपुत्राला मारतो. पण तेवढ्याने राग जात नाही. देह रथाला बांधून फरफटत नेतो. परत देत नाही."

"मग?"

"मग राजपुत्राचा म्हातारा बाप शत्रूच्या तळावर जातो. मुलाचा देह मागायला."

बोलून गेले आणि जीभ चावली. गोष्ट कुठे चाललीय हे माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं.

"देतो का?" त्यांनी विचारलं.

"देतो. म्हातारा त्याच्या हातांचं चुंबन घेतो. ज्या हातांनी मुलाला मारलं त्या हातांचं. मग दोघंही रडतात."

रेणूच्या दारात मी गाडी थांबवली.

रेणूने दार उघडलं. कपाळाला पट्टी, अंगात अनीशचा स्वेटर. मला बघून "मावशी, तुम्ही पण?" म्हणाली आणि बाजूला झाली. आत यायला नको म्हणाली नाही, एवढंच. मी पिठलं-भाताचा डबा ओट्यावर ठेवला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तिच्या आजूबाजूला मात्र असा शेजारच नव्हता.

मोरेश्वरराव सोफ्यावर बसले नाहीत. ते सरळ तिच्यासमोर गेले आणि मला काही कळायच्या आत खाली गुडघ्यांवर बसले. सत्तरीचा सासरा, सुनेसमोर. तिचे दोन्ही हात धरून त्यांनी कपाळाला लावले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रेणूने हात हिसकून घेतले.

"हा सीन मला माहितीये, बाबा. अनीश दर वर्षी शिकवायचा." तिचा आवाज चिरकला. "आणि ह्या सीनमध्ये मी कोण? किलर, राइट? म्हणजे आई जे फोनवर म्हणाल्या तेच तुम्ही इथे येऊन म्हणताय. फक्त पोलाइटली."

झालं. मीच सांगितलेली गोष्ट, मीच तोंडघशी पडले. मोरेश्वरराव गोंधळून तिच्याकडे बघत होते. हात धरताना आपण तिला काय ठरवतोय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "मला त्या गोष्टीतलं एवढंच समजलं, की म्हातारा मागायला गेला. मला मागायचं कसं ते माहीत नव्हतं. आणि दोषच द्यायचा तर माझ्यापासून सुरू कर. तू पुण्याहून आलीस तेव्हा तुला गाडी कुणी शिकवली? मॉलच्या पार्किंगमध्ये, रोज संध्याकाळी? लेफ्ट टर्न मीच शिकवला ना?"

रेणूही खाली बसली, जमिनीवरच. दोघं रडली. मोरेश्वरराव मोठ्याने रडत होते, मी त्यांना कधी असं ऐकलं नव्हतं. मीही रडले. अनीश मला फार आवडायचा, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं मला, पण ती वेळ माझी नव्हती.

जरा वेळाने मी ताटं घेतली. मोरेश्वरराव नको म्हणाले, दहन होईपर्यंत घास उतरणार नाही. "मीही नाही खाल्लं," रेणू म्हणाली. मग नाक पुसत म्हणाली, "पण त्या गोष्टीत दोघं जेवतात, बाबा. रडून झाल्यावर. अनीश तिथे थांबून मुलांना विचारायचा, व्हाय डू दे ईट?"

"मग मुलं काय सांगायची?"

"बिकॉज दे आर हंग्री."

मोरेश्वररावांना हसू आलं आणि त्यातच पुन्हा रडू फुटलं. पण त्यांनी ताट ओढलं. दोघंही जेवली. पिठल्यात मीठ कमी होतं, कुणी बोललं नाही.

"परवा सकाळी आहे," जेवण झाल्यावर रेणू म्हणाली. "मी फ्यूनरल होमला फोन करते. तुम्ही अग्नी द्या. भटजी वगैरे काय ते तुम्ही बघा. आईंना पण आणा."

मोरेश्वररावांनी हात जोडले. तिने ते खाली केले.

"एक सांगू का? अँब्युलन्समध्ये तो शुद्धीवर होता. थोडा वेळ. मला म्हणाला, आईला सांग मी ड्राइव्ह करत होतो. आई तुला सोडणार नाही." ती ताटातल्या शितांकडे बघत बोलत होती. "लास्ट गोष्ट हीच बोलला. मला खोटं बोलायला जमलं नाही. त्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

परतताना मोरेश्वरराव एवढंच म्हणाले, "मरताना माझ्या पोराला आईची भीती वाटली." मी गाडी चालवत राहिले.

दहनाच्या दिवशी शैलजाला मी धरून आत नेलं. मुलाला पाहिल्यावर ती किंचाळली नाही, हे मला जास्त भीतीदायक वाटलं. तिने त्याचे केस नीट केले, लहानपणी करायची तसे, मागे वळवून. रेणू भिंतीपाशी उभी होती, अंगात तोच स्वेटर, एकटीच. भटजींचं झालं. पेटी दहनासाठी आत न्यायची वेळ आली तेव्हा शैलजा एकदम वळली आणि सुनेपाशी गेली. मोरेश्वररावांनी माझा दंड पकडला.

"तू होतीस ना त्याच्याजवळ," शैलजा म्हणाली. आवाज कोरडा होता. "काही बोलला का? शेवटी?"

रेणूने सासऱ्यांकडे पाहिलं. त्या क्षणी ते सगळं सांगून टाकायचा हक्क तिला होता. शैलजाने तिला जे ऐकवलं होतं, त्याची पुरेपूर परतफेड झाली असती. जन्मभर पुरली असती. मोरेश्वररावांनी मान खाली घातली. ते तिला अडवणार नव्हते.

"आई," रेणू म्हणाली. "आई म्हणाला."

रेणूने पुढे होऊन तिला धरलं, आणि शैलजा तिच्या खांद्यावर, अनीशच्या स्वेटरवर तोंड दाबून रडायला लागली. "माझं नाव घेतलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझं नाव घेतलं गं त्याने." रेणू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.