खोट्याच्या खेळात एक खरं

साल एकोणीसशे एकाहत्तर. ट्रंक कॉल तेव्हा हातानं जोडले जात, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते जोडणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. लांबलचक बोर्डासमोर उंच खुर्च्यांवर ओळीनं बसायचं, दिवा लागला की वायर खुपसायची आणि नंबर विचारायचा. त्या ओळीत डावीकडून चौथी टाचणी. अंगानं काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं खरं नाव गळून पडलं. तिच्या उजव्या हाताला बसायची अक्का. अक्का वयानं सगळ्यांत थोरली. लग्न केलं नव्हतं, सव्वीस वर्षं बोर्डावर काढली होती, आणि टाचणीला वायर कशी धरायची इथपासून सगळं तिनंच शिकवलं होतं.

आदल्या वर्षी एका संध्याकाळी जिन्यात अक्कानं तिला थांबवलं होतं.

"तुला म्हणून सांगते. माझा डावा कान गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे गेला. भिंत झाली त्याची. बोर्डाचं काही अडत नाही, हेडफोन मी उजव्या कानाला लावते. पण सुपरवायझर बाई डावीकडून येऊन बोलल्या तर मला पत्ताच लागायचा नाही. त्यांना कळलं तर खुर्ची गेली बघ. रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. तेवढी मला त्या खुर्चीत काढू दे."

टाचणीनं शब्द दिला. बाई डावीकडून आल्या की ती अक्काच्या कोपराला हळूच बोट लावी आणि अक्का वळून म्हणे, "हो बाई, बोला ना." असे अकरा महिने गेले. कुणाला कानोकान खबर नव्हती.

व्हँपायरचा खेळ आणला तो कुलूपनं. ती दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोले, म्हणून ती कुलूप. बहिणीच्या मुलांकडून ती हा खेळ शिकून आली. जेवणाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत सातजणी टेबलाभोवती बसत. डब्यातून चिठ्ठ्या उचलायच्या. लाल टिंबाची चिठ्ठी जिला आली ती व्हँपायर. मग सगळ्यांनी टेबलावर डोकं टेकून डोळे मिटायचे. कुलूप पंच. ती वीसपर्यंत मोठ्यानं आकडे मोजी, आणि तेवढ्यात व्हँपायरनं उठून गार पाण्यात बुडवलेला चमचा कुणा एकीच्या मानेला लावायचा. जिला चमचा लागला ती मेली. मग उरलेल्यांनी भांडून, आरोप करून व्हँपायर ओळखायची.

खोटं बोलायला पूर्ण मुभा. जी जास्त साळसूद दिसेल तिच्यावर आधी संशय. एक नियम मात्र त्यांनी स्वतःचा घातला होता. गळ्यातल्या हेडफोनवर हात ठेवून बोललेलं खरंच असलं पाहिजे. त्या हेडफोनवर सगळ्यांचं पोट होतं, त्याच्याशी थट्टा नको. हा नियम कुणीही कधी मोडला नव्हता.

टाचणीला खेळाचं वेडच लागलं. तीनदा तिला लाल टिंब आलं आणि तिन्ही वेळा ती सुटली. व्हँपायर आरशात दिसत नाही म्हणतात, म्हणून "हिच्या घरात आरसे नसणार," अशी तिची चेष्टा होई, आणि ती फुशारून जाई. घरी तिला कुणी विचारत नसे. पाच बहिणींतली ती तिसरी, ना थोरलेपणाचा मान ना धाकटेपणाचे लाड. इथं मात्र सहाजणी तिच्या तोंडाकडे बघत बसत.

चौथ्यांदा लाल टिंब आलं तो बुधवार होता. रविवारची ड्युटी कोण बदलून घेतं ते विचारायला सुपरवायझर बाई आल्या होत्या, आणि खेळ बघत दारातच उभ्या राहिल्या. टाचणीच्या अंगात आणखीच चढलं. कुलूप मोजत होती. टाचणी उठली, समोर बसलेल्या जाडीच्या मानेला चमचा लावला आणि परत येऊन बसली.

"मेले गं बाई!" जाडी ओरडली. "आणि जेवण अजून व्हायचंय!"

"मेलीस ना? मग तुझा डबा आम्ही वाटून घेऊ," दुसरी म्हणाली.

आरोप सुरू झाले. हिचं नाव घे, तिचं नाव घे. टाचणीनं दोघींना एकमेकींवर सोडलं आणि आपण गंमत बघत बसली. तेवढ्यात अक्कानं गळ्यातल्या हेडफोनवर हात ठेवला.

"टाचणी आहे," ती शांतपणे म्हणाली. "खुर्ची सरकली तिची. एक पाय आखूड आहे त्या खुर्चीचा, मी तो आवाज ओळखते."

संपलंच. हेडफोनवर हात म्हणजे पुढं बोलणं नाही. सगळ्यांच्या माना टाचणीकडे वळल्या, जाडी टाळ्या पिटायला लागली. टाचणीला एवढंच दिसलं की दारात बाई उभ्या आहेत आणि आपण हरतोय.

"अक्काच्या ऐकण्यावर काय जाता!" ती म्हणाली. "डावा कान वर्षभर बंद आहे तिचा. एका कानानं कळतं का आवाज कुठून आला ते? मी बोट लावलं नाही तर तिला हाकसुद्धा ऐकू येत नाही!"

जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी असतं तर मोडलं असतं.

आधी कुणी हसलं नाही, मग जाडी कसंनुसं हसली, मग तीही थांबली. अक्काचा हात अजून हेडफोनवरच होता. तिनं टाचणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मुलानं ताट उलथवलं की आई आधी त्याला भाजलं नाही ना हे बघते, तशी ती बघत होती.

"अक्का, खरं आहे हे?" बाईंनी विचारलं.

"हेडफोनवर हात आहे माझा, बाई," अक्का म्हणाली. "खरं आहे."

बाई वाईट नव्हत्या. "मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं," एवढं त्या म्हणाल्या. आठवड्याभरात डॉक्टरांची तपासणी झाली, आणि अक्काला तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. बोर्डावरच्या तिच्या खुर्चीत नवी मुलगी आली. त्या दिवशीचा डाव अर्धवटच राहिला. त्यानंतर तो खेळही कुणी काढला नाही.

टाचणी चार महिने मागच्या जिन्यानं येत-जात राहिली, वाटेत रेकॉर्ड रूमचं दार लागू नये म्हणून. बोर्डावर तिच्याशी सगळ्या नीट बोलत, पण स्वतःचं काही सांगत नसत. ती आली की बोलणी हवापाण्यावर यायची. शेवटी एका दुपारी ती खाली गेली. अक्का जुन्या बिलांचे गठ्ठे बांधत होती. उजवी बाजू दाराकडे करून बसली होती.

"ये," अक्का म्हणाली. "जिना सापडला वाटतं."

टाचणीला रडू फुटलं. "अक्का, मला माफ कर गं. मला फक्त जिंकायचं होतं."

"माहीत आहे मला. मीच शिकवलेली पोर तू." अक्कानं गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली. "खोटं बोलली असतीस ना, 'अक्काच व्हँपायर' म्हणाली असतीस, तर मी पोट धरून हसले असते. तू खोट्याच्या खेळात खरं काढलंस, तेही माझं."

"मग माफ करणार नाहीस?"

"केलं की. त्याच दिवशी केलं. तुझं तोंड बघितलं तेव्हाच." तिनं पुढचा गठ्ठा ओढला. "पण आता काही सांगणार नाही तुला. तेवढं मागू नकोस."

टाचणीनं ते मागितलं नाही. अधूनमधून ती खाली जाई, गठ्ठे बांधू लागे. अक्का बोर्डाची चौकशी करी, हवापाण्याचं बोले. स्वतःचं एक अक्षर नाही.

पुढं एक्स्चेंज स्वयंचलित झालं आणि तो बोर्ड भंगारात गेला. सुपरवायझर बाई बदली होऊन दुसऱ्या शहरात गेल्या आणि तिथंच त्यांनी घर केलं. जाडीनं नोकरी सोडून शिवणवर्ग काढला, तो चांगला चालला. कुलूपनं लग्न केलं ते एका वकिलाशी. दोघांमधलं बोलणं तो एकटाच करी आणि खूश असे.

टाचणी लेकी-सुनांत रमली. त्या खेळाची गोष्ट ती नातवंडांना रंगवून सांगे, पण सांगताना व्हँपायर कायम दुसऱ्याच कुणाला करी.

अक्का शहाऐंशी वर्षांची होऊन गेली. भेटायला आलेल्या टाचणीला तिचा भाचा म्हणाला, "मावशी फार स्वाभिमानी. कान कमी झाले तशी आपणहून खुर्ची सोडली म्हणायची. कुणी बोट दाखवायच्या आत."

टाचणीला वाटलं, मान डोलवावी आणि निघावं. अक्कानं एवढी वर्षं तिच्यासाठी हे खोटं जपलं होतं. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती म्हणाली, "तिनं नाही सोडली. मी घालवली. चारचौघींत सांगितलं मी, एका खेळात."

भाच्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला काही नीट कळलं नसावं. "झाली त्याला आता तीस वर्षं, ताई," तो म्हणाला. "चहा घेणार ना?"

तिनं चहा घेतला.