राखणदार जागृत आहे

जुन्नर तालुक्यातल्या मढजवळच्या वाडीत वाघोबाच्या ठाण्यापुढे सकाळी अकराच्या उन्हात सगळी माणसं जमली होती, आणि नारळाऐवजी प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र : ठिपक्याठिपक्यांचा, डोळे मिटलेला वाघोबा. भक्तांनी त्याला कुंकू लावून लावून निम्मे पडदे लाल करून टाकले होते.

पारावर सावळेराम उभा होता. परवापरवापर्यंत तो रिचार्ज मारून द्यायचा नि फुटक्या काचा बदलायचा. आता तो पैसे घेऊन हा वाघोबा फोनवर घालून द्यायचा, आणि लोक त्याला भगत म्हणत.

“आयका मंडळी! दगडाचा वाघोबा जागचा हालत न्हाई, ह्यो वाघोबा खिशात बसतो! आज दर्शनापुरता उघडलाय, येरवी दिवसा पडदा बंद ठिवायचा, देवाची झोप मोडायची न्हाई. दिवस मावळला, पडदा चालू क्येला, का देव आपसूक डोळं उघडतो नि गुरकतो! परतेकाला कंपनीनं येगळा नंबर दिलाय. तुमच्या नंबरचा वाघोबा उभ्या जगात दुसऱ्या कुनाकडं न्हाई. नेटवर्क जाईल, किरपा जानार न्हाई!”

लोकांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या सोनलला मात्र कुठे तोंड लपवावं असं झालं.

सोनल वारूळवाडीची, नोकरीला पुण्यातल्या कार्डांच्या कंपनीत. तीस वर्षं ही कंपनी गोळ्यांच्या पुड्यांतून प्राण्यांची रंगीत कार्डं विकायची. पोरं मोबाइलला चिकटली, तशी कंपनीही मोबाइलवर गेली. छापखाना बंद झाला आणि कार्डं फोनच्या पडद्यावर आली, प्रत्येकाला वेगळा नंबर, हाताळायला काही नाही. या कार्डांवरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचं काम सोनलकडे होतं. कार्ड सुरू झालं की खाली एक ओळ उमटायची, ‘युअर गार्डियन इज ॲक्टिव्ह’. ‘चालू’ हा शब्द तिला पाण्याच्या मोटरीसारखा वाटला. म्हणून तिने लिहिलं, ‘तुमचा राखणदार जागृत आहे.’ लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाली होती. जुन्नर तालुक्यात वाढलेल्या मुलीला देव जागृत असतो म्हणजे काय, हे कुणी शिकवायला हवं होतं का? पण त्या दिवशी ते तिच्या डोक्यातच आलं नाही.

ही झाली चूक. पुढचं मात्र चूक म्हणून खपणारं नव्हतं. महिन्याभरापूर्वी, हे कार्ड म्हणजे जागृत वाघोबा असं सांगणारा सावळेरामचा व्हिडिओ तिच्या फोनवर आला होता. ती आधी हसली, मग हे आपल्याच शब्दावरून चाललंय हे तिच्या लक्षात आलं, मग तिने फोन पालथा घातला. तिकडे ऑफिसात साहेब म्हणत होते, “जुन्नरकडे कार्डाला काय उठाव आहे! शब्द लागला तुमचा.” सोनल गप्प बसली.

चार दिवसांपूर्वी बिबट्याने याच वाडीतल्या तिच्या आत्याची, झुंबरबाईची, गाभण शेळी नेली. राखणदार जागृत आहे म्हणून आत्याने गोठ्याला अडसर घालणं सोडलं होतं. हे ऐकलं आणि सोनलला घरी बसवेना. ती तडक इथे आली.

झुंबरबाई पाराशी गेली. “भगत, माझी शेळी गेली की रं.”

“मावशे, ब्याटरी किती व्हती?”

“मला काय ठावं?”

“तितंच गफलत झाली! ब्याटरी उतरली का देव निजतो. आज फोन भरून गोठ्यात ठिवा, शेजारी फोन कळनारं मानूस निजवा. आन् दार उघडंच असू द्या. दाराआडून देवाला दिसल कसं?”

झुंबरबाईने मान डोलावली. “फोन आमच्या अक्षदालाच कळतोय. तिला निजवते.”

अक्षदा तिची नात. नऊ वर्षांची.

“आत्या, थांब!” सोनल गर्दीतून पुढे घुसली. “तुझा फोन पदराखाली घे. पार झाकून टाक.”

“आत्ता? भर उनात?”

“घे तर.”

आत्याने फोन पदराखाली घेतला आणि तिच्या पोटाशी वाघोबा गुरगुरला. म्हातारी केवढ्याने दचकली! पदर सारून बघते तर डोळे उघडलेले, आणि ऊन लागताच पुन्हा मिटलेले. मग काय, कुणी फोन टोपीत घातला, कुणी पिशवीत. पाराभोवती नुसती गुरगुर. बाजूला बांधलेल्या शेळ्यांनी रवंथ काही थांबवला नाही.

“देवाला पदराखाली घालता? कोप हुईल!” सावळेराम ओरडला.

“फोनच्या वरच्या कडेला उजेड ओळखणारी सेन्सरची बारीक टिकली असते,” सोनल म्हणाली. “उन्हात पडदा लख्ख आणि अंधारात मंद होतो, तो तिच्यामुळे. कंपनीने चित्र तिलाच जोडलंय. अंधार पडला की डोळे उघडायचे, आवाज काढायचा. अंधार संध्याकाळचा की पदराचा, ते तिला कळत नाही. आणि हा आवाज पट्टेरी वाघाचा आहे. आपला बिबट्या करवत ओढल्यासारखा खोकतो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय.”

“पर ह्यो म्हैनाभर माझ्याकडं बिबट्या फिरकला न्हाई, त्ये कसं?” शेजारच्या दादाभाऊने विचारलं.

“त्याआधी वर्षभरात किती वेळा आला होता?”

दादाभाऊने बोटांवर मोजलं. “आखाडात. येकदाच. …म्हंजी कार्ड नव्हतं तवाबी अकरा म्हैने आला न्हाई!” तो स्वतःच गोरामोरा झाला.

सावळेरामने शेवटचा डाव टाकला. “मंग कंपनीनं ‘जागृत’ का लिवलं? एवढी मोठी कंपनी खोटी, आन् ही पोर खरी?”

सगळे सोनलकडे बघू लागले. कंपनीवर ढकलून मोकळं होणं अगदी सोपं होतं.

“कंपनीने नाही, मी लिहिलं. चित्र चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही काय समजताय ते मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. मला शाबासकी मिळत होती, म्हणून गप्प राहिले.”

सावळेराम हळूच पारावरून उतरला, पण त्याच्या गाडीची किल्ली दादाभाऊने आधीच काढून घेतली होती. त्याच्याकडे झुंबरबाईचं लक्ष नव्हतं.

“शेळीचं जाऊ दे गं,” ती म्हणाली. “देवाचा सबूद म्हनून आज मी पोरीला उघड्या गोठ्यात निजवत व्हते. त्यो तुझा निघाला.”

सोनलने गोठ्यावर जाऊन अडसर घातला.

त्याच दुपारी तिने ऑफिसला कळवलं, शब्द बदला, ‘चालू’ लिहा. उत्तर आलं, “आत्ता नको. चालतोय तो शब्द.” तिने नोकरी सोडली. पण शब्द काही तिच्याबरोबर बाहेर पडला नाही. तो पार तालुक्याच्या टोकाला, घाटघरपर्यंतच्या फोनांत जाऊन बसला होता.

पुढच्या रविवारी ती घाटघरला गेली. तिथे तिने आधी आपलं नाव सांगितलं, मग आपलं काम, मग महिनाभर गप्प बसल्याचं, आणि शेवटी फोन पदराखाली झाकून दाखवला.

“वाघोबाला हात जोडायचे तर जोडा,” ती म्हणाली. “दार उघडं ठेवा असं त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. चमत्कार दिसला की तो आधी झाकून बघा, उघडून बघा. चमत्कार नव्हता तेव्हा काय होत होतं, तेही आठवा. बिबट्याला वाचता येत नाही. अडसर घाला, पोरांना एकटं सोडू नका.”

लोक पांगू लागले. बयाबाई नावाची एक बाई तेवढी उभी राहिली.

“माझी दोन करडं मागल्या हप्त्यात गेली,” ती म्हणाली. “तुला म्हैन्यापासनं ठावं व्हतं म्हन्तीस. मंग तवा का न्हाई आलीस?”

“तेव्हाच यायला पाहिजे होतं,” सोनल म्हणाली.