एकशे बारा प्रश्न

एंटरच्या बटणावरचा बाण कधीच पुसला गेला होता. तिथे आता नुसती गुळगुळीत चकाकी उरली होती, अकरा वर्षं हे मशीन सांभाळलेल्या अण्णांच्या बोटाची आणि दोन वर्षं माझ्या... तिने बोट उचललं. पडद्यावर सगळं ठीक होतं. मशीन नव्या कर्नलवर चालू झालं होतं, वरच्या वॉर्डातल्या अकरा खाटांचे मॉनिटर त्याला जोडलेले होते, आणि कुणाच्या हृदयाचा ठोका चुकला तर सिस्टरच्या टेबलावरचा भोंगा ते वाजवणार होतं. नऊ नंबरच्या खाटेवर आई होती.

ठीक होतं, मग काहीतरी राहिलंय असं का वाटत होतं?

काम तसं साधंच. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलायचा तर जुन्या सेटिंगची फाईल पुढे न्यायची. जे नव्याने आलंय तेवढंच मशीन विचारतं — हे हवं का, ते हवं का — आणि नुसतं एंटर दाबलं की उत्तर आपल्या मनाने घेतं. एकशे बारा प्रश्न. पहिले वीस तिने नीट वाचले, मग आईचा रिपोर्ट आठवला... डॉक्टर ‘बघू’ म्हणाले होते, बाबांच्या वेळीही ‘बघू’च म्हणाले होते... आणि बोट आपलं आपण चालू लागलं. संपल्यावर तिची तिलाच लाज वाटली. पुन्हा नीट करू म्हणून तिने सगळं परत चालवलं, तर मशीनने एकही प्रश्न विचारला नाही; उत्तरं आधीच फाईलमध्ये भरून झाली होती. सुटले, असं वाटलं तिला. नवा कर्नल चढवला, जागा हवी म्हणून जुना त्याच हातासरशी पुसला.

मग आठवलं. जुन्या फाईलची एक प्रत बाजूला राहते, पण एकच. दुसऱ्यांदा चालवलं की तिच्यावरही नवीच बसते. बॅकअप म्हणावा तर इथला बॅकअप म्हणजे खुद्द अण्णा, आणि ते निवृत्त होऊन घरी बसलेले.

अण्णांच्या सुरुवातीच्या काळात हे मशीन पंधरा दिवसांतून एकदा गोठायचं. आकडे दिसायचे, पण जागच्या जागी, भोंगा गप्प. अण्णांनी कुठलीशी एक सेटिंग बदलली नि गोठणं थांबलं. ती त्या फाईलमध्ये होती, आणखी कुठेच नाही. आता नव्या आवृत्तीत तिचं नाव बदललं असेल, तर मशीनने ती मुकाट्याने गाळली असणार आणि नव्या नावाने मला विचारलं असणार... मी काय म्हणाले? मी काहीच म्हणाले नाही. मी एंटर दाबलं.

तिने अण्णांना फोन लावला.

“अण्णा, ते मशीन गोठायचं, तेव्हा नक्की काय बदललं होतंत?”

“आता कुठलं आठवतंय, बाई. फाईल जपून ठेवली आहेस ना? मग झालं तर. आई कशी आहे?”

“बरी आहे,” ती म्हणाली. फाईलचा विषय पुन्हा निघायच्या आत तिने फोन ठेवला.

दुपारी ती वर गेली. आई झोपली होती. मॉनिटरवर बहात्तर. बहात्तर... अजून बहात्तरच... मग त्र्याहत्तर झाले. तरीही तिने आईच्या मनगटावर बोटं ठेवली आणि स्वतः मोजू लागली.

“हे एक बरं आहे बघा इथे,” टेबलावरून सिस्टर म्हणाल्या. “जुन्या वॉर्डात फेऱ्या मारून पायांचे तुकडे पडायचे. इथे तुमचं मशीन आहे म्हणून दोन मिनिटं टेकता तरी येतं.”

“सिस्टर, थोडे दिवस आईकडे अधूनमधून उठून बघाल?”

“बघेन की. का हो?”

“भोंगा... वाजलाच नाही असं होऊ शकतं. माझ्या हातून चूक झालीय.”

सिस्टरच्या हातातलं पेन थांबलं. “फक्त नऊ नंबरचा?”

तिने मान वर केली. आठ नंबरचे आजोबा चष्मा शोधत उशी चाचपत होते. चार नंबरच्या मुलीची वेणी कुणीतरी नुकतीच घातली होती. सकाळपासून ती घाबरली होती, जीव मुठीत धरून बसली होती, पण त्या सगळ्या भीतीत एकच खाट होती. बाकीच्या दहा आत्ता, या क्षणी, एकेक करून तिला दिसू लागल्या.

“नाही,” ती म्हणाली. “सगळ्यांचाच.”

सिस्टर उठल्या आणि एक नंबरच्या खाटेकडे गेल्या. तिची बोटं अजून आईच्या मनगटावरच होती. ठोका लागत होता, पण मोजणी कितीवर आली होती ते तिला आठवेना.