शेवटच्या बटणापाशी

बोरोकाचं काम सांगून कुणाला पटत नसे. एखाद्याच्या शेजारी बसायचं, तो एखादी वेबसाइट कशी वापरतो ते पाहायचं, आणि तोंड उघडायचं नाही. समोरचा चाचपडला, चुकला, वैतागला, तरी ‘अहो, ते बटण उजवीकडे आहे’ असं म्हणायचं नाही. हात कुठे थांबतो तेवढं टिपायचं आणि मग ज्याची वेबसाइट असेल त्याला जाऊन सांगायचं, की तुमची गिऱ्हाइकं इथे येऊन का अडतात. “म्हणजे गप्प बसायचे पैसे मिळतात तुला,” असं तिची आई म्हणायची. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गप्प बसायची सवय बोरोकाच्या अंगात इतकी मुरली होती, की हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या तिच्या घरात रविवारच्या रविवार एकही शब्द न बोलता निघून जात.

माको गावच्या गेदेऑन बाचींनी, म्हणजे गेदेऑनकाकांनी, तिला बोलावलं ते ऑक्टोबरात. त्या सगळ्या मुलखात पिसं धुणारे ते एकटेच उरले होते. घरोघरी हंसांच्या पिसांच्या उशा आणि दुलया असतात, आजीकडून आईला नि आईकडून लेकीला आलेल्या. वीस-पंचवीस वर्षांनी त्या जड होतात, आत गुठळ्या होतात. मग खोळ उसवायची, पिसं धुवायची, गरम हवेवर फुलवायची आणि नव्या खोळीत भरायची. बाचींचं यंत्र म्हणजे काचेच्या दाराचं एक भलंमोठं पिंप होतं. ते फिरू लागलं की पिसं वर जात, वर गेल्यावर जरा रेंगाळत, आणि कसलीच घाई नसल्यासारखी खाली येत. बोरोका पहिल्या दिवशी त्या काचेसमोरच उभी राहिली. आपण कशाला आलो आहोत हे ती विसरूनच गेली.

“वेबसाइट तिकडे आहे, पोरी. हे धुणं आहे,” बाची म्हणाले. त्यांच्या भुवयांतही पिसं अडकली होती.

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर बस. आणि सांग, माझ्या बटणाला काय रोग झालाय.”

रोग असा होता. गिऱ्हाईक आता दारात येत नव्हतं. कुणी सेगेदला राहायला गेलं, कुणी व्हिएन्नाला, आणि जे मागे राहिले त्यांना गुडघ्यांमुळे चालवेना. म्हणून सुनेने वेबसाइट करून दिली. फॉर्म भरा, कुरिअरवाला येऊन उशी नेईल, आठवड्याभरात धुऊन परत. आठवड्याला पंधरा-वीस माणसं तो फॉर्म भरायला घेत. नाव, पत्ता, उशीचं वजन, पिसं हंसाची की बदकाची, दारावरच्या घंटीपाशी कुणाचं नाव आहे, सगळं अगदी मन लावून भरत. आणि शेवटच्या बटणापाशी येऊन निघून जात.

“आधी बटण निळं होतं,” बाची बोटं मोजू लागले. “मग हिरवं केलं. सून म्हणाली लाल करा, लाल केलं. मग त्यावर हंस काढून घेतला. आता काय लोणी फासू त्याला?”

“आणि नाहीच दाबलं कुणी तर?”

बाचींनी बाहीवरचं पीस फुंकून उडवलं. “अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, आरादचा माणूस ट्रक घेऊन येतोय. यंत्र विकत घेऊन नेईल. मग मी मोकळा. दिवसभर पत्ते खेळत बसेन.”

बाचींना पत्त्यांचा किती तिटकारा आहे हे साऱ्या माकोला ठाऊक होतं. मार्टिनच्या दिवसाला पाच आठवडे होते.

“मला पाच माणसं पुरतील,” बोरोका म्हणाली.

“पाच? आणि बाकीच्यांच्या मनातलं काय कवड्या टाकून सांगणार?”

“नाही. पाचांकडे नीट बघणार.”

पहिले चार जण सेगेदमध्येच भेटले. एक शाळेतल्या बाई, एक नर्स, एक नुकतं लग्न झालेला मुलगा, एक निवृत्त ट्रामचालक. बोरोका प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसली, परवानगी घेऊन तिने छोटा कॅमेरा लावला, आणि त्यांनी फॉर्म भरला. चौघेही शेवटच्या बटणापाशी थांबले आणि चौघांनी चार कारणं दिली. बाई म्हणाल्या, कुरिअरवाल्याची वेळ जमत नाही. नर्स म्हणाली, नंतर करते, गॅसवर सूप आहे. मुलगा म्हणाला, बायकोला विचारतो. ट्रामचालकाने बटणावरच्या हंसाकडे बराच वेळ पाहिलं आणि हंसाची मान चुकली आहे म्हणून सांगितलं.

लोक खोटं बोलतात असं नव्हे. ज्या गोष्टीला नाव सापडत नाही तिला ते हाताशी असेल ते नाव देऊन टाकतात. म्हणून बोरोकाने घरी आल्यावर आवाज बंद करून ती चित्रणं पाहिली. फॉर्ममध्ये वजन विचारलं होतं, त्यामुळे चौघांनीही उशी काट्यावर ठेवायला आणली होती आणि ती शेजारच्या खुर्चीवर तशीच पडली होती. बटणापाशी आल्यावर चौघांचाही मोकळा हात त्या उशीवर जाऊन बसला होता. त्यांचं त्यांनाही ते कळलेलं दिसत नव्हतं. बोरोकाने वहीत लिहिलं, ‘हात उशीवर’, आणि पुढे काय लिहावं ते तिला सुचलं नाही.

पाचव्या होत्या पिरोश्का नेनी, म्हणजे पिरोश्काआजी, वय एक्याऐंशी, माकोपलीकडच्या एका खेड्यात एकट्या राहणाऱ्या. दुपारची वेळ होती. अंगणात अक्रोडाची पानं पडत होती आणि घरात भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर कशाचाही आवाज नव्हता. नेनींनी आधी पोगाचा हा छोटा खारा पाव खायला लावला, तो संपल्यावर आणखी एक खायला लावला, आणि मग नातवाने दिलेला टॅबलेट पुसून पुढ्यात घेतला. एकेक अक्षर त्या असं दाबत होत्या, की जणू काजातून बटण घालत आहेत. सगळा फॉर्म भरला. शेवटचं बटण आलं. उजवा हात हवेत राहिला आणि डावा हळूच शेजारच्या दुलईवर गेला.

घड्याळ वाजत राहिलं. ऊन टेबलावरून सरकत दुलईवर आलं, आणि त्या उन्हात कुठूनसं एक पीस तरंगू लागलं. दोघीही त्याच्याकडे पाहत राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे.

“थंडीत बसायचो आम्ही देठापासून पिसं सोलायला,” नेनी म्हणाल्या, त्या पिसालाच सांगावं तशा. “बारा बाया, एक टेबल, मध्ये पांढरा डोंगर. हसायचं नाही. शिंकायचं नाही. दार उघडायचं नाही. आणि युलिश काकू मुद्दाम काहीतरी चावट बोलायची. मग कुणीतरी फिस्स करायचं, की सगळं घर पांढरं! आई लाटणं घेऊन मागे लागायची.” त्या हसल्या. “हे पीस त्या दिवसांतलं आहे. आईच्या हंसांचं. त्यातला एक लंगडा होता.”

बोरोकाने मान हलवली.

“आता हे बघ,” नेनींनी टॅबलेटवर नख आपटलं. “वजन विचारलं. घंटीवरचं नाव विचारलं. माझा बाप काय करायचा तेवढं विचारायचं राहिलंय. पण माझी पिसं मलाच परत मिळतील, हे कुठे लिहिलंय? दाखव.”

लिहिलेलं नव्हतं.

“पूर्वी पिसं धुणाऱ्याची गाडी चौकात यायची. आम्ही हाताची घडी घालून समोर उभ्या राहायचो, पिसं आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत. सूप करपलं तरी हलायचं नाही. नजर वळली की शेजारणीच्या कोंबडीची पिसं तुझ्या उशीत.” त्यांनी टॅबलेट उपडा ठेवला. “यात उभं कुठे राहायचं, पोरी?”

दुसऱ्या दिवशी बोरोकाने ते चित्रण बाचींना दाखवलं. बाचींनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

“म्हणजे मी चोर?”

“चोर कुणीच म्हणत नाही. त्यांना बघायचं असतं.”

“चाळीस वर्षं करतोय मी हे!”

“बाची, कुरिअरने आलेल्या उशा तुम्ही वेगवेगळ्या धुणार आहात ना?”

बाची खिडकीशी गेले. “पिंप मोठं आहे,” ते पाठमोरेच म्हणाले. “एका उशीसाठी फिरवलं तर परवडत नाही. समोर उभं राहायला कुणी नाही. चार-पाच जणांची एकत्र धुवायची, वजनाप्रमाणे वाटून भरायची. हंसाची ती हंसाची. स्वच्छ. पीस म्हणजे पीस. त्यावर काय आडनाव लिहिलेलं असतं?”

“म्हणूनच ‘तुमचीच पिसं परत मिळतील’ असं लिहिता आलं नाही वेबसाइटच्या पानावर.”

“हे तुझ्या वहीतलं शहाणपण झालं,” बाची भडकले. “तुझ्या घरी आहे ना एखादी उशी? भर फॉर्म. दाब बटण. म्हणजे कळेल, किती सोपं असतं ते!”

बोरोकाला रागच आला. संध्याकाळी घरी येऊन तिने कपाटाच्या वरच्या फळीवरची आईची उशी काढली. आईने लग्नाआधी पाळलेल्या हंसांची ती पिसं होती. आईचा वास त्यातून केव्हाच गेला होता, तरी उशी अभ्र्यासकट तशीच होती. तिने वजन केलं. दीड किलो. तिने भराभर फॉर्म भरला. वेबसाइट कशी वापरावी हे तिला कुणी शिकवायला नको होतं; तो तर तिचा धंदा होता. ती बटणापाशी आली. मग तिचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताकडे गेलं.

परक्या चौघाजणांच्या उशांमध्ये आईची पिसं मिसळतील. त्यातली काही ट्रामचालकाकडे जातील, काही शाळेतल्या बाईंकडे. तिच्याकडे दीड किलो परत येईल, अगदी काट्यावर मोजून. तिला रडू आलं. पाच माणसांच्या घरी ती शहाण्यासारखी मान हलवत बसली होती, आणि आत्ता कुठे तिला कळत होतं की ती काय पाहत होती.

तिने बाचींना फोन केला. “बाची, मला नाही दाबता येत.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“कुणाची आहे?” त्यांनी विचारलं.

“आईची.”

“हं,” बाची म्हणाले. मग घसा खाकरला. “एकटी धुईन. सगळ्यांचीच एकेकटी धुईन. दर वाढवावा लागेल, आणि दर बघून पळाले लोक, तर तुझ्या डोक्यावर पिसं ओतेन, सांगून ठेवतो.”

मग त्या पानावरचं बरंच काही गेलं. हंस गेला. घंटीवरच्या नावाचा प्रश्न कुरिअरवाल्यासाठी लागायचा, म्हणून तो राहिला. बटणाच्या वर साध्या अक्षरांत एक वाक्य आलं: ‘तुमची पिसं एकटीच धुतली जातील. दिवस आणि वेळ आम्ही कळवू. येऊन समोर उभे राहा, नाहीतर इथून पाहा.’ यंत्राच्या काचेसमोर बाचींनी एक कॅमेरा बसवला आणि शाळेने टाकून दिलेली एक पाटी आणली. ज्याची पिसं आत, त्याचं नाव पाटीवर. बटण कुठल्या रंगाचं ठेवायचं यावर त्यांनी सुनेशी तासभर भांडण केलं आणि ते पुन्हा निळं झालं.

पहिली मागणी पिरोश्का नेनींची. पिसं धुवायच्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात टॅबलेटभोवती सहा बाया जमल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने फोन करून बाचींना झापलं, की पाटीमुळे काचेचा कोपरा झाकला जातोय, पाटी जरा डावीकडे घ्या. बाचींनी पाटी मुकाट्याने डावीकडे घेतली. दुसऱ्या आठवड्यात त्या सहाही जणींच्या दुलया आल्या. मग त्यांच्या बहिणींच्या, विहिणींच्या. ट्रामचालक तर स्वतःच येऊन चाळीस मिनिटं उभा राहिला आणि जाताना म्हणाला, हंस काढलात ते बरं केलंत.

त्या वर्षी मार्टिनचा दिवस रविवारी आला. रांग एवढी वाढली होती, की बाची रविवारीही काम करत होते. अकरा वाजता सेगेदच्या घरी बोरोकाने वही घेतली, टेबलाशी बसली आणि लॅपटॉपवर बाचींच्या वेबसाइटचं पान उघडलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘बोरोका, सेगेद. दीड किलो.’ पिंप फिरू लागलं. आईची पिसं वर गेली, वर जाऊन रेंगाळली, खाली आली. शेजाऱ्यांकडून मार्टिनच्या सणासाठी भाजत असलेल्या हंसाचा वास येत होता. फोन वाजला, वाजून थांबला. वहीत काहीच लिहिलं गेलं नाही. ती केव्हा उठली हे तिला कळलं नाही; ती टेबलासमोर हाताची घडी घालून उभी होती.

पडद्यावर दिसणाऱ्या पिंपाच्या काचेत बाचींच्या अंगणाचं प्रतिबिंब पडलं होतं. पिसांच्या आरपार तिला एक ट्रक दिसला, त्याच्यापाशी टोपी घातलेला एक माणूस, आणि बाची. बाचींच्या हातात नावांची लांबलचक यादी होती. ती यादी ते आरादच्या माणसाला वरपासून खालपर्यंत दाखवत होते आणि मध्येच वळून पिंपाकडे बघत होते, कुणाची पिसं आत असताना लांब जाणं बरं नव्हे म्हणून. माणसाने टोपी मागे सारली, हात हलवला. ट्रक हळूहळू मागे सरकला आणि काचेतून दिसेनासा झाला.

पिंप थांबलं. पिसं सगळ्यात शेवटी थांबली.

“एकही पीस इकडचं तिकडे झालं नाही हं, आई,” बोरोका मोठ्याने म्हणाली.