काकूंचा आवाज

ऑफिसात तिला सगळे भुंगा म्हणायचे, कारण चूक सापडेपर्यंत ती कुणाचा पिच्छा सोडायची नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानातल्या मशीनमध्ये जे सॉफ्टवेअर असतं, ते तपासायचं तिचं काम.

एकदा एका निवृत्त बसड्रायव्हरांची तक्रार आली: मशीन लावल्यावर सगळ्यांचं ऐकू येतं, फक्त बायकोचं येत नाही.

"हा दोष कसला, ही तर सोय आहे," प्रोग्रामर म्हणाला, आणि सगळे हसले.

भुंग्याने ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना मशीनसमोर बोलायला लावलं. कुठे काही बिघडत नव्हतं. मग लॅपटॉप काखोटीला मारून एका दुपारी ती थेट त्या ड्रायव्हरांच्या घरी गेली.

दार त्यांच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. "या," त्या म्हणाल्या, पण आवाज नव्हताच, नुसती हवा. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं कुजबुजीवर आलं होतं.

काका पंख्याखाली बसले होते. "पूर्वी ही स्वयंपाकघरातून मला हाक मारायची, तर खालच्या मजल्यावरचे ओ द्यायचे," ते म्हणाले. "आता हिचे ओठ हलतात आणि माझी मान हलते. सारखं 'काय, काय' केलं की हिच्या घशाला ताण पडतो. म्हणून हो म्हणून मोकळा होतो."

"काल विचारलं, मी गेले तर दुसरी कराल का," काकू भुंग्याजवळ येऊन कुजबुजल्या. "हो म्हणाले."

काकांनी मान हलवली.

भुंग्याने मशीन लॅपटॉपला जोडलं आणि ती सॉफ्टवेअरचा एकेक भाग बंद करून पाहायला लागली. मशीनची शिट्टी दाबणारा भाग बंद केला, काकूंना बोलायला लावलं. काही नाही. वाऱ्याचा आवाज कापणारा बंद केला. तेच. सतत चालणारी घरघर गाळणारा भाग बंद केला, तसे काका दचकले. पंखा त्यांच्या कानात घोंघावू लागला होता, आणि त्या घोंघावण्यात आणखीही काहीतरी होतं.

चूक तिथे होती. काकूंच्या आवाजात सूर उरला नव्हता, त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला पंख्याची हवा समजून पुसून टाकत होतं.

"नियम बरोबरच आहे," दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर म्हणाला. "तो आवाजच वेगळा आहे."

"माणूस बोलतंय आणि आपण त्याला पंखा समजतोय. मग चुकतंय कोण?"

तो कामाला लागला. काकूंचं बोलणं तिने रेकॉर्ड करून आणलंच होतं. ते पुन्हा पुन्हा लावून नवा भाग तयार झाला, आणि तो घेऊन ती परत त्या घरी गेली.

काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मशीन कानात बसवल्यावर काकूंनी विचारलं, "येतंय का ऐकू?"

काकांनी मशीन कानात आणखी दाबून बसवलं. "येतंय," ते म्हणाले. "पण ही ती नाही."

भुंग्याला तेव्हा कुठे उमगलं. आवाज गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, काकूंनी लिहून समजावलं होतं. पण नवा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला नव्हता, म्हणून काका धरून बसले होते की जुना आवाज मशीनमध्येच कुठेतरी अडकलाय, चूक सापडली की सुटून येईल. इतके दिवस ते त्याचीच वाट पाहत होते.

भुंग्याने लॅपटॉप मिटला. ती वायर गुंडाळत राहिली.

"अहो, माझा आवाज आता हाच आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी ते ऐकलं. डोळे पुसले आणि खुर्ची उचलून काकूंच्या शेजारी आणली.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही बोल. जरा सवय होऊ दे."