आठ जणींची एकेक पात

इंग्रजी वाक्यांवरनं भांडण लागलं ते भर दुपारी, डबे खाऊन झाल्यावर, रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली.

"हिला एवढुसं नि मला हे लांबलचक? का, मी काय चार घास जास्त खाऊन आलेय?" कुरकुरी म्हणाली. तिचं खरं नाव कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं, इतकी ती बाई कुरकुरायची.

"मग माझं घे बदलून," शेजारची म्हणाली.

"नको. तुझं तोंडात बसत नाय."

वयानं सगळ्यांत मोठी ती थोरली मात्र आपला डबा पुसत बसली होती. एरवी आठ जणींत आवाज तिचाच. पण आठ दिवस झाले, मालकाचं बोलणं तिच्या डोक्यातनं जात नव्हतं.

या आठ जणी कलमघरात कामाला होत्या. वांग्याच्या रोपाचा शेंडा उडवायचा, त्या खुंटावर टोमॅटोचा कोवळा शेंडा बसवायचा, सांध्यावर बोटाच्या नखाएवढी क्लिप लावायची. बसून करायचं काम, सावलीतलं. मालकानं सांगितलं होतं, रोपं घेणाऱ्या कंपनीची बाई यायचीय, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही, ती ज्या त्या बाईला काम विचारणार. जिला सांगता येणार नाही ती कलमघरातनं बाहेर, मातीची पोती उचलायला.

आता पोती उचलायची तर बाकीच्या सात जणी कुरकुरत का होईना उचलतील. थोरलीच्या कमरेत दोन वर्षांमागं चमक भरली होती ती भरलीच. तिला पाण्याची कळशी उचलवत नाही, ती पोतं काय उचलणार? म्हणजे घरी बसायचं. लेक ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. घरात सून. आजवर जिला शब्दाशब्दाला टोचलं तिच्या हातचं बसून खायचं.

आणि शिकवणार कोण, तर तीच सून. बारावीपर्यंत शिकलेली गावात दुसरी होती कोण? तिला विचारताना थोरली चुलीकडं तोंड करून बोलली होती. सून नुसती "बरं आत्याबाई" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासनं सासूचा डबा घेऊन यायच्या निमित्तानं ती मागच्या काटेरी कुंपणाच्या फटीतनं आत यायला लागली. फाटकावर तर मोठी पाटी होती, बाहेरच्या माणसाला आत मज्जाव आहे, रोपांना रोग लागतो. मुकादमाला कळलं असतं तर धडगत नव्हती.

सुनेची शिकवायची तऱ्हा सोपी होती. वस्तू हातात धरायची आणि बोलायचं.

"धिस इज अ ब्लेड. हे ब्लेड आहे."

"अगं, ब्लेड तर आपलंच," एक जण म्हणाली. "म्हंजे एक शब्द आपल्याला येतोच की."

"येतोच. आता पुढं. आय कट द प्लँट. मी रोप कापते. आय म्हणजे मी. तुम्ही म्हणाल तेव्हा तुम्ही, मी म्हणेन तेव्हा मी."

"मग माझी मी नि तुझी मी एकच?"

"शब्द एकच. माणूस ज्याचं त्याचं."

काम आठ पायऱ्यांचं, म्हणून सुनेनं वाक्यं आठ केली. हात धुते, हे ब्लेड, वांगं कापते, टोमॅटो कापते, दोन्ही जोडते, क्लिप लावते, पाणी फवारते, सात दिवस थांबतो. आठही वाक्यं एकीच्या डोक्यात काही मावेनात. तेव्हा या बायांनी आपली अक्कल लढवली. जन्मभर खुरपणीला गेलेल्या बाया त्या. रानात ओळीनं बसायचं, एकेकीनं एकेक पात, म्हणजे आपल्यापुरता पट्टा, धरायची आणि आपापली पात खुरपत पुढं सरकायचं. तसंच इथं. आठ वाक्यं, आठ पाती.

"अहो, पण ती बाई ओळीनंच विचारील कशावरनं?" सून म्हणाली.

"रान बघायला आलेला माणूस एका कडेनं शिरतो नि दुसऱ्या कडेनं निघतो," कुरकुरी म्हणाली. "तू शिकीव. ते आम्हाला कळतं."

थोरली बसायची पाचव्या टेबलाला. तिच्या वाट्याला आलं, आय जॉइन द टू प्लँट्स. झाडताना, न्हाताना, देवाला हात जोडताना तिनं ते घोकलं. झोपेत बडबडली म्हणे. वाक्य पक्कं झालं, पण भीती इंचभर हटली नाही.

कंपनीच्या बाईची गाडी आली त्या दिवशी सकाळपासनं हवा पडली होती. जाळीखाली पान हलत नव्हतं, नुसता दमट मातीचा वास कोंडला होता. पुढच्या दाराशी फवाऱ्यांनी चिखल झालेला, म्हणून मुकादमानं पाहुणीला बाजूच्या दारानं आत घेतलं. ती सरळ मधल्या बोळातनं चालत आली आणि पाचव्या टेबलासमोर उभी राहिली. थोरलीच्या ट्रेमधली कलमं एका मापाची होती, तीच तिच्या डोळ्यात भरली असणार.

बाईनं काहीतरी विचारलं. गोड आवाजात विचारलं, पण थोरली हातातल्या क्लिपकडंच बघत राहिली. मुकादम खाकरला.

"आय जॉइन द टू प्लँट्स," थोरली म्हणाली.

बाईनं मान डोलावली. ब्लेडकडं बोट दाखवून दुसरं विचारलं.

"आय जॉइन द टू प्लँट्स."

तिसरं विचारलं. थोरलीनं पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळेला आवाज तिचा तिलाही ऐकू आला नाही.

रानात एखादीची पात मागं राहिली तर शेजारणी बघत बसत नाहीत, आपलं खुरपं तिच्या पातीत घालतात. कुरकुरी पहिल्या टेबलावरनं ओरडली, "आय वॉश माय हँड्स!" तिच्यामागं दुसरी, मग तिसरी, मग सगळ्याच एकदम. कोण हात धुतंय, कोण पाणी फवारतंय, कोण सात दिवस थांबतंय, नुसता कालवा उठला. मुकादमाचा चेहरा पडला. बाईनं हात वर केला तशा सगळ्या गार झाल्या.

बाई मुकादमाशी बोलली. मुकादमानं थोरलीकडं डोळे वटारले.

"विचारतायत, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

बायांची पाचावर धारण बसली. थोरलीला ती फाटकावरची पाटी आठवली, कुंपणाची फट आठवली. सुनेचं नाव घेतलं तर पोरीला इथं आणून उभी करतील, रोपांना काही झालं असलं तर तिच्याच माथी मारतील, पोलिसांत सुद्धा देतील. मोठ्या माणसांचा काय नेम?

"मी," ती म्हणाली. "मीच शिकवलं."

कुरकुरीला ठसका लागला. मुकादमानं ते बाईला सांगितलं. बाई थोरलीकडं बघत राहिली, मग हसली आणि भराभरा बरंच बोलली.

"नशीब काढलंस," मुकादम म्हणाला. त्याचाही विश्वास बसत नव्हता. "कंपनीच्या आणखी तीन रोपवाटिका आहेत. तिथल्या बायांना असंच शिकवायला बाई हवीय. तुला घेतायत, सोमवारपासनं. बारमाही काम."

पोती नाहीत, घरी बसणं नाही. एक क्षण थोरलीला खरंच वाटलं, गप्प राहावं. बाकीच्या सात जणींतली एकही तोंड उघडणार नाही. पण सोमवारी तिथं उभी राहून सांगणार काय? आणि सांगता आलं असतं तरी, ते काम होतं कुणाचं? पोरीनं पंधरा दिवस काट्यांतनं ये-जा केली आणि आयतं ताट सासूनं ओढलं. आता खरं सांगावं तर खोटारडी म्हणून आजच हाकलतील. तिनं हातातली क्लिप खाली ठेवली.

"मुकादम, मी खोटं बोलले. माझ्या सुनेनं शिकवलं. मला एकच वाक्य येतं, ते तुम्ही ऐकलंत."

मुकादमानं कपाळाला हात लावला, पण बाईला सांगितलं सगळं. बाईनं वहीत काही लिहिलं आणि पुढच्या ट्रेकडं वळली. जाता जाता मुकादम तेवढा थोरलीजवळ थांबला.

"शिकवायच्या कामासाठी सुनेला उद्या घेऊन ये, फाटकातनं. आणि तुझं म्हणशील तर महिन्यानं पुन्हा विचारणारेत. सगळं. तेव्हा नाही आलं तर पोती. मग माझ्याकडं रडायचं नाही."

घरी आली तेव्हा सून ओसरीत वाळलेले कपडे काढत होती. थोरलीनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"पहिल्यांदा माझं नाव का नाही घेतलंत?" सुनेनं विचारलं.

"तुला धरून नेतील असं वाटलं."

"आणि मग का घेतलंत?"

"तुझं काम मी कसं खाऊ गं?"

सुनेनं चटई टाकली, सासूला समोर बसवलं. "चला. आज पहिल्यापासनं. आठही पाती तुमच्याच."

"येईल का मला?"

"न यायला काय झालं? आय वॉश माय हँड्स. म्हणा."

"आय वॉश..." थोरली अडली. पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथंच अडली.

दोरीवरचा एक टॉवेल लोंबून सासूच्या तोंडापुढं येत होता, तो बाजूला करायला सुनेनं हात उचलला. तशी थोरलीनं मान खाली घातली आणि डोळे गच्च मिटले. पन्नाशी उलटलेली बाई, चिमुकल्या पोरीसारखी खांदे आवळून बसली.

सुनेचा हात वरच राहिला.

"आत्याबाई, तुम्हाला शाळेत मारायचे?"

"एकदाच मारलं," थोरली डोळे न उघडता म्हणाली. "शब्द चुकला म्हणून, कानावर. पुन्हा मी गेलेच नाय."

सुनेनं हात खाली घेतला. मग दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"हे बघा," ती म्हणाली. "आता चुका कितीबी."

थोरलीनं एक डोळा उघडला. हात खरंच दिसत नाहीत हे नीट बघून घेतलं, आणि पहिलं वाक्य पुन्हा धरलं.