पलंगाला तांबडी चिठ्ठी

उमाकांत गलगल्यांच्या घरात सामान किती आहे, हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. चामराजपेटेतल्या आमच्या वठारात सहा बिऱ्हाडं, नळ एक, आणि त्यांच्या-आमच्या मध्ये वीटभर भिंत. पलीकडे डबा पडला तर तो पितळेचा की पत्र्याचा, हे मी पोळी लाटता लाटता सांगत असे. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत तिकडून सलग दोन दिवस काहीच पडल्याचं ऐकू आलं नाही, तेव्हाच मी म्हटलं, इथं काहीतरी शिजतंय.

शिजत होतं ते असं. उमाकांतभावोजी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. होसकोटेच्या रस्त्याला कारखान्यानं वसाहत बांधली होती, तिथलं क्वार्टर त्यांना मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळ घरात. आठ दिवसांत ताबा घ्यायचा. सामान न्यायला कारखान्याचा ट्रक, पण खेप एकच. जे त्यात मावेल ते त्यांचं, उरेल ते जगाचं.

दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. भावोजी खुशीत होते. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. बरोबर असला की हिरवी चिठ्ठी, दुरुस्तीजोगा असला की पिवळी, टाकाऊ असला की तांबडी. तीच पद्धत त्यांनी घरी आणली. चिकपेटेतून रंगीत कागद आणले, बायकोकडून, म्हणजे मथुरावहिनींकडून, खळ शिजवून घेतली आणि रविवारी सकाळी खिशात टेप घालून घरभर फिरायला लागले. हिरवी म्हणजे न्यायचं, पिवळी म्हणजे कुणाला तरी द्यायचं, तांबडी म्हणजे मोडीत.

"वर्षभरात ज्याला कुणाचा हात लागला नाही, ते घरात नको," त्यांनी नियम सांगितला.

त्यांची आई, कृष्णाबाई, उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. सगळं वठार त्यांना अक्का म्हणायचं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "वर्षभरात मला तरी कुणाचा हात लागलाय?"

भावोजी हसले. मथुरावहिनी हसल्या नाहीत. मी आमच्या दाराआडून बघत होते, त्यामुळे मला हसायचं कारण नव्हतं. पण ते वाक्य मी नीट ठेवून दिलं.

दुपारपर्यंत घर पंचमीच्या पतंगासारखं दिसायला लागलं. तीन शिगड्यांपैकी दोन तांबड्या. लग्नात आलेले सात तांबे, त्यांतले पाच पिवळे. अक्कांचं जातं तांबडं, लोणच्याच्या बरण्या पिवळ्या. आणि अक्कांचा पलंग, सागवानी, उशाशी पोपट कोरलेला, त्यांच्या वडिलांनी अथणीच्या सुताराकडून लग्नात करवून दिलेला. त्याच्या नेमक्या पोपटाच्या चोचीवर तांबडी चिठ्ठी.

"क्वार्टरचं दार अडीच फुटी आहे, आई," भावोजी टेप गुंडाळत म्हणाले. "पलंग साडेतीन फुटी. खुंट्या ठोकलेल्या, सुटा होत नाही. वखारवाला घेऊन जाईल."

"आणि मी कशावर निजायचं?"

"बघू."

हे 'बघू' मला आवडलं नाही. हिरव्या-पिवळ्या-तांबड्या माणसाच्या तोंडी 'बघू' कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी नळावर अक्कांनी मला गाठलं. "वीणे, मला धारवाडला पाठवतायत. रत्नाकराकडं." रत्नाकर म्हणजे त्यांचा धाकटा. "इथलं घर लागेपर्यंत. आठ दिवस म्हणतो उमाकांत. येत्या रविवारी, ट्रक जातो त्याच संध्याकाळी. आपल्या वठारातला गुंडो चाललाय तिकडं, त्याची सोबत."

"मग चांगलंच की. धुळीत कशाला बसता?"

"मी पण तेच म्हटलं," अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की घागर भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही.

मी मनातल्या मनात मांडणी केली. पलंग जातो, जातं जातं, बरण्या जातात आणि मालकीणही आठ दिवस बाहेर. हे डोकं पुरुषाचं नव्हे. खळ कुणी शिजवली? मथुरावहिनींनी. चिठ्ठ्या डकवताना गुणगुणत कोण होतं? त्याच. शिवाय गेल्या दिवाळीला चकलीच्या भाजणीवरून सासू-सुनेत जे झालं होतं ते मी भिंतीतून अक्षरन्‌अक्षर ऐकलं होतं. मी सगळं वहिनींच्या नावावर टाकलं आणि निर्धास्त झाले.

बुधवारी दुपारी पोस्टमन आला. भावोजी कारखान्यात, वहिनी बाजारात. कार्ड अक्कांच्या हाती पडलं आणि ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "रत्नाकराचं अक्षर वाटतंय. मला बारीक दिसत नाही, वाच."

कार्ड भावोजींच्या नावाचं होतं. पण पोस्टकार्ड उघडंच असतं. मी वाचलं.

"आईला पाठवतोस ते ठीक. पण इथंही दोनच खोल्या आहेत. नयना बाळंतपणाला माहेरी आहे, तोवर दोन महिने आई राहू शकेल. बाळ-बाळंतीण आल्यावर तिची सोय तू कर. मोठं क्वार्टर मिळेपर्यंत असं तू लिहितोस. त्याला वर्ष लागेल की पाच, ते माझ्याकडं धरू नकोस."

वाचता वाचता माझा आवाज खाली आला. अक्कांचा खाली आला नाही. "पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी कार्ड घेतलं, दोनदा दुमडलं आणि कनवटीला खोचलं.

"म्हणजे इकडं दार अडीच फुटी," त्या म्हणाल्या, "आणि तिकडं मुदत दोन महिन्यांची. त्यानंतर मला कुठली चिठ्ठी लावणार गं?"

मी चहा ठेवला.

गुरुवारी सकाळपासून अक्कांनी वाटायला सुरुवात केली. चिठ्ठ्यांचं काम लेकाचं. या चिठ्ठीचा रंग न बघता वाटत सुटल्या. घरमालक बसवंतप्पांच्या बायकोला बरण्या. भांडी घासणाऱ्या तानूबाईला सहा लुगडी. आतापर्यंत तिला चहाची पूड मागितली तर अक्का मोजून चिमूट द्यायच्या. मागच्या घरच्या कल्पनेला जातं. ती म्हणाली, "अक्का, आता गिरणीत दळतात सगळे." अक्का म्हणाल्या, "मग पायरीला लाव, पण ने."

पलंग माझ्या वाट्याला आला. चौघांनी आमच्या दुपाखी दारातून तो आत आणला. मी नको म्हटलं का? एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ वळली नाही.

संध्याकाळी मथुरावहिनी भाजी निवडायच्या निमित्तानं आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. नजर आतल्या पलंगावर.

"वीणाताई, आईंना तुम्ही काही बोललात का?"

"मी? मी काय बोलणार?"

"नाही, त्या इतक्या सुतासारख्या सरळ कशा झाल्या? लोणच्याच्या फोडी मोजणाऱ्या बाई. सगळं वाटतायत आणि एक गाठोडं मात्र उशाशी घेऊन निजतात. हात लावू देत नाहीत. काय आहे त्यात?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हाला ठाऊक नाही असं या वठारात काय आहे?"

टोमणा मी पोटात घातला. त्यांच्या मनात काय आहे हे मला बघायचं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला तर सोपंच झालं. नव्या घरात पसारा नको."

त्यांनी शेंग मोडली, तशीच हातात धरली. "पसारा नको हे खरं. पण त्यांची चटई कुठं पडेल हे मी यांना दोनदा विचारलं. 'बघू' म्हणतात. आठ दिवसांनी तर यायच्याच आहेत त्या." मग सावध होऊन उठल्या. "जाते. दूध ठेवलंय."

आठ दिवस! बाई नाटक चांगलं करते, असं मला वाटलं. पण मनात शंका आली ती आलीच.

शुक्रवारी भावोजींनी मला दारात थांबवलं. "वीणावहिनी, मथुरा आईला टोचून काही बोलली का हो? आई वस्तू वाटत सुटलीय. मी धड चिठ्ठ्या लावल्या होत्या, सगळी गफलत झाली."

"वस्तू गेल्याशी मतलब ना?"

"तसं नव्हे. पद्धत असते एक." आणि थोडं थांबून, "एखादं कार्ड आलं होतं का हो? धारवाडचं?"

"मी कशाला बघू तुमची कार्डं," मी म्हटलं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं तेवढं स्वच्छ खोटं दुसरं नाही.

खरी धास्ती मला वेगळीच होती. बाई उठून अंगावरचं, घरचं सगळं वाटायला लागते, तेव्हा पुढे काय करते हे मी एकदा माहेरी पाहिलं होतं. आमच्या परसात विहीर होती, कठडा गुडघ्याएवढा. शुक्रवार-शनिवार मी धुणं तिकडेच नेलं. अक्का आल्या की बादली आपटायची, म्हणजे मी आहे हे कळावं. शनिवारी त्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. मी पिळा तसाच टाकून जवळ गेले.

"अक्का, काय बघताय?"

"माझं ओझं किती राहिलं ते बघतेय."

"म्हणजे?"

त्यांनी काखेतलं गाठोडं हातावर तोललं. "अजून थोडं जड आहे," म्हणाल्या आणि त्यातला पितळी अडकित्ता काढून माझ्या हातात ठेवला. त्या रात्री मला धड झोप लागली नाही. पलंग चांगला होता, तरी.

रविवारी दहाला ट्रक आला. ड्रायव्हर देवाप्पा, निपाणीकडचा, मराठी बोलणारा. हिरव्या चिठ्ठ्यांचं सामान क्रमानं चढलं. गुंडो वळकटी घेऊन कट्ट्यावर येऊन बसला होता. संध्याकाळच्या गाडीला तो सकाळी दहापासून तयार. अक्कांचं तिकीट त्याच्याच खिशात. ते तो दर थोड्या वेळानं चाचपून बघत होता.

दोर आवळले आणि भावोजींनी विचारलं, "आई कुठाय?"

स्वयंपाकघरात नाही. देवळाच्या बाजूला नाही. कल्पनेकडे नाही. माझे पाय आपोआप परसाकडे वळले. कठड्याशी कुणी नव्हतं. मी वाकून पाण्यात बघितलं, तिथंही मीच होते. धापा टाकत परत आले तर देवाप्पा बोटानं ट्रककडे दाखवत होता.

"बाई कवाच्या बसल्यात की हो. मला वाटलं, तुमीच बसवलंय."

अक्का पुढं, ड्रायव्हरशेजारी. पदर खोचलेला, मांडीवर गाठोडं, नजर सरळ रस्त्यावर.

"आई, तुझी गाडी संध्याकाळची," भावोजी म्हणाले.

"तिकीट गुंडोजवळ आहे. जागा राखली असेल तर त्याला दोन सीटांवर आडवा होऊ दे."

"अगं पण तिथं जागा..."

"किती लागते? टेप आहे ना खिशात? मोज." अक्कांनी गाठोडं खिडकीतून बाहेर धरलं. "दोन लुगडी, देव, आणि चष्म्याचं घर. पलंग नाही, जातं नाही, बरण्या नाहीत. अडीच फुटी दारातून मी आडवी गेले तरी जाते. आता कुठली चिठ्ठी लावतोस, लाव."

वठारातली सहाही दारं उघडी होती. भावोजींचा हात खरंच टेपकडे गेला आणि तिथंच थांबला.

"आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे," ते पुटपुटले.

अक्कांनी कनवटीचं कार्ड काढलं. मला वाटलं, लेकाच्या तोंडावर फेकतील. त्यांनी ते मथुरावहिनींच्या हातात दिलं. आणि मी मात्र सुनेचा चेहरा बघायला पुढं सरकले, कारण सगळा हिशेब मी तिच्या नावावर मांडला होता.

वहिनींनी एकदा वाचलं. मग पाठ उलटून बघितली, पत्ता कुणाचा आहे ते. मग नवऱ्याकडे बघितलं.

"मोठं क्वार्टर मिळेपर्यंत?"

"मथुरा, घरी गेल्यावर..."

"मला आठ दिवस सांगितलंत. मी यांच्यासाठी खिडकीखालची जागा झाडून आले परवा. वठारात सगळ्यांनी माझ्याकडं काय नजरेनं बघितलं, ठाऊक आहे?" हे म्हणताना त्यांनी माझ्याकडेच बघितलं. मी गुंडोकडे बघितलं.

"तुला त्रास नको म्हणून..." भावोजी म्हणाले.

"माझ्या त्रासाचं मला विचारायचं. परस्पर तांबडी लावायची नाही."

त्यांनी साडी सावरली, पुढचं दार उघडलं आणि वर चढल्या. "सरका, आई." अक्का सरकल्या, पण गाठोडं पलीकडच्या मांडीवर घेतलं. एवढ्या लवकर विश्वास ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. वहिनींनीही ते पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

पुढं आता तिसऱ्याला जागा नव्हती. भावोजी मागे गेले, हिरव्या चिठ्ठीच्या कपाटाला धरून चढले आणि दोरात पाय अडकवून बसले.

"मग माझ्या सोबतीला कोण?" गुंडोनं विचारलं. त्यानं खिसा पुन्हा चाचपला.

देवाप्पानं गाडी सुरू केली. "सरी? निघू का?"

"स्वल्प सावकाश घ्या अण्णा," मथुरावहिनी म्हणाल्या. "आईंची कंबर दुखते."

"सावकाश कशाला?" अक्कांचा आवाज वठारभर आला. "मागं बसून त्याला पुन्हा काही सुचायला? जोरात घे तू."